पिवळा दाणा

टॉर्च कोणाचीही असो, काका ती आधी आपल्या डाव्या तळव्यावर मारून पाहायचे. दोन क्षण तळव्याकडे बघायचे आणि भातात झुरळ निघाल्यासारखं तोंड करायचे.

"छी! हा उजेड आहे का फिनाइल?"

समोरचा बिचारा नवी टॉर्च कौतुकाने दाखवायला आलेला असायचा. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात घासाघीस करून आणलेली, डब्यावर उजेडाचे दहा हजार लुमेन छापलेली. काका डबा वाचायचे. टॉर्चपेक्षा डब्याचा त्यांना जास्त राग यायचा. "दहा हजार! एवढा उजेड असता तर तुझ्या खिशाला भोक पडलं असतं रे. आपला हात पाहा. मुर्दाघरातल्यावानी दिसून राहिला की नाही?" माणूस हात पाहायचा. आणि खरंच, तसाच दिसायचा.

तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा असेल, ज्याला एकाच गोष्टीची किळस येते आणि ती किळस तो देवघरातल्या समईसारखी जपतो. कोणाला दुधावरची साय, कोणाला पालीचं नाव. जबलपूरला आमच्या रांझीतल्या या काकांना निळसर पांढऱ्या उजेडाची किळस होती. फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. हातात रंगाच्या पट्ट्या घेऊन तयार मालाचा रंग ताडून पाहायचा, एवढंच काम. माझे बाबा तिथेच हेल्पर होते. ते म्हणायचे, "यांच्या टेबलावरून माल परत आला की आम्ही शिव्या द्यायचो. त्यांच्या पाठीमागे."

रिटायर झाल्यावर काकांनी टॉर्चचा धंदा काढला म्हणणं चूक होईल. धंदा नव्हताच तो. लोकांच्या टॉर्चमधला कारखान्याचा दिवा काढून त्या जागी आपल्या पसंतीचा बसवणं, हा त्यांचा छंद होता, आणि तो ते लोकांवर लादायचे. त्या दिव्याला ते दाणा म्हणायचे. असतोच तो तेवढा, मुगाच्या डाळीएवढा. टॉर्चचं तोंड उघडायचं, आतली चकमकीत वाटी काढायची, दोन तारा सोडवायच्या आणि दाणा ज्या चकतीवर बसलेला असतो ती चकती उचलून सरळ तापल्या तव्यावर ठेवायची. पोळीच्या तव्यावर. चकतीवरचं कथील वितळून पाऱ्यासारखं चमकलं की चिमट्याने जुना दाणा उचलायचा आणि नवा ठेवायचा. मग चिमट्याच्या टोकाने हळूच एक टिचकी. दाणा कथलावर तरंगत सरकायचा आणि आपल्या जागी जाऊन बसायचा.

"पाहिलं? त्याला आपली जागा समजते. माणसाला नाही समजत."

काकूंनी तो तवा केव्हाच सोडून दिला होता. त्यावर लाल रंगाने फुली मारली होती आणि कोणी पाहुणी स्वयंपाकघरात शिरली तर आधी ओरडायच्या, "तो नको घेऊ बाई, त्याच्यावर ह्यांचे दिवे भाजतात!"

काकांचा आवडता दाणा पिवळा होता. जुन्या बल्बसारखा, तुपाच्या रंगाचा. तो बसवला की पुन्हा तळव्यावर उजेड मारायचे, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. "आता पाहा. जिवंत हात आहे." शेजाऱ्यांच्या, पोस्टमनच्या, मंदिराच्या चौकीदाराच्या, सगळ्यांच्या टॉर्च त्यांनी पिवळ्या करून ठेवल्या होत्या. काही लोक तोंडावर धन्यवाद म्हणायचे आणि घरी जाऊन कुरकुरायचे की उजेड कमी झाला. काकांना ते कळायचं. त्यांना त्या लोकांचीही किळस यायची.

एकदा रांझीच्या बाजारात त्यांनी तमाशाच केला. भाजीवाल्याने टमाट्यांवर लाल दिवा टांगला होता. काकांनी एक टमाटा उचलला, चार पावलं चालून रस्त्यावर गेले, आपल्या टॉर्चने पाहिला आणि परत आणून ठेवला. "भैया, इसको मेकअप काहे को लगाया? ब्याह करना है क्या?" भाजीवाला म्हणाला, "बाबूजी, लेना है तो लो, नहीं तो आगे बढ़ो." काका पुढे गेले नाहीत. अर्धा तास तिथेच उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टमाटा टॉर्चने दाखवत राहिले. शेवटी त्याने दिवा विझवला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तिथून जाताना ओळख दाखवायची मला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. एस्सी. नर्सिंग. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. बाबांनी डबल ड्युट्या करून शिकवलं आणि मी एकही विषय न अडकवता पास झाले, यात लपवण्यासारखं काय आहे? काका मला हाकच तशी मारायचे. "काय ग्रॅज्युएट, कुठे चालली?"

मी चालले होते कुंडमच्या पलीकडे. तिथल्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली होती. केंद्रावर बाळंत झालेल्या बायका घरी गेल्या की त्यांच्या घरी जाऊन बाळ तपासायचं, हे माझं मोठं काम. जंगलाकडची घरं, मातीच्या भिंती, खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा आतल्या खोलीत हाताला हात दिसत नाही. आणि तिथली रीत अशी की छठी, म्हणजे सहाव्या दिवसाची पूजा, होईपर्यंत बाळ उंबऱ्याबाहेर आणायचं नाही. म्हणजे जन्मल्यानंतरचे जे दिवस आम्हाला पाहायचे असतात, नेमके तेच दिवस बाळ अंधारात. बाळाला कावीळ चढते आहे का, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं तर काही अडचण नाही. कळलं नाही आणि ती चढत गेली, तर डोक्यावर परिणाम होतो, जन्माचं नुकसान. सगळी भिस्त टॉर्चवर.

माझ्याकडची टॉर्च पांढरीफक्क. तिच्या उजेडात सगळी बाळं राखेतून काढल्यासारखी दिसायची. एका रविवारी मी ती काकांसमोर ठेवली. त्यांनी तळव्यावर मारली.

"याच्यात तू लेकरं पाहून राहिली?"

"हो काका."

"छी." नेहमीसारखं मोठ्याने नाही म्हणाले. मग तवा ठेवला.

त्या दिवशी दाणा बसवताना त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, एकदाही टोमणा मारला नाही, आणि टॉर्च हातात देताना काकूंना हाक मारली. "पाहा, आपली टॉर्च आता दवाखान्यात चालली." पिवळाच दाणा होता, त्यांच्या डबीतला सगळ्यात चांगला. मी बी. एस्सी. नर्सिंग. कावीळ म्हणजे पिवळेपणा हे मला परीक्षेत लिहिता आलं होतं. पिवळ्या उजेडात पिवळा रंग कसा ओळखायचा, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नाही. त्यांनी जन्मभर रंग तपासले होते आणि मी पदवी घेतली होती. दोघंही त्या टॉर्चकडे पाहून खूश होतो.

पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक बाळ पिवळं दिसलं. दोन बाळं मी धावपळ करून जबलपूरला पाठवली. दोन्ही धडधाकट परत आली, आणि त्यांच्या बापांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. तेव्हा मला टॉर्चचा दोष समजायला हवा होता. मी दुसरंच शिकले. मी मनातल्या मनात पिवळा वजा करायला लागले. बाळाकडे पाहायचं आणि स्वतःला सांगायचं, यातला एवढा पिवळा टॉर्चचा. माणूस स्वतःला किती हुशार समजू शकतो पाहा.

मग ते बाळ आलं. मुलगा, पहिलाच. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. आतल्या खोलीत आई बाजेवर, आणि बाळाची आजी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. मी बाळाच्या कपाळावर बोट दाबलं, उचललं, टॉर्च मारली.

आजी म्हणाली, "दीदी, हमको तो पीला लगत है."

मी म्हणाले, "अम्मा, वो टॉर्च का रंग है."

"बिना टॉर्च के भी लगत है. चूल्हे के उजाले में देखे हम."

"चूल्हे का उजाला भी पीला होता है, अम्मा."

बरोबर होतं की नाही माझं? अगदी बरोबर. शास्त्राला धरून. आजी गप्प बसली, कारण मी शिकलेली होते. त्या गप्प बसण्याची किळस मला अजून येते, तिची नाही, माझी.

छठीच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं होतं. अंगण सारवलेलं, बायका गाणी म्हणत होत्या. आजीने बाळ उंबऱ्याबाहेर आणलं आणि उन्हात आली. गाणी आपोआप थांबली. बाळ हळदीत बुडवून काढल्यासारखं होतं. कपाळ, छाती, पोट, पायाचे तळवेसुद्धा. आजीने बाळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

गाडी बोलावली, बाळ शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचलं, डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. ते सगळं आवरून मी सरळ रांझीला आले आणि काकांच्या ओट्यावर ती टॉर्च आपटली.

"तुमच्या दाण्याने लेकरू गेलं असतं!"

त्यांना समजायला वेळ लागला. मी सांगितलं, ते ऐकत राहिले. मग टॉर्च उचलून तळव्यावर मारली आणि बराच वेळ तशीच धरून बसले. मला वाटलं भांडतील. ते चपला घालायला लागले. "चल. मला दाखव."

दवाखान्यात काचेपलीकडे बाळ होतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि वरून पडणारा निळा उजेड. असा निळा की बघवत नव्हता. काका काचेला नाक लावून उभे राहिले.

"हे काय लावलं पोरावर?"

"कावीळ उतरवायचा उजेड आहे, काका. निळाच लागतो."

"निळाच?"

"पिवळ्याने उतरत नाही."

गार्ड दोनदा म्हणाला, "बाबूजी, थोड़ा पीछे." ते हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "उजेड सगळीकडे सारखा पडून राहिला. बसवणाऱ्याला आपलं काम येते."

बाळाची कावीळ दोन दिवसांत उतरणीला लागली. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण एक फॉर्म भरायचा राहिला होता. त्यात एक रकाना होता, उशीर का झाला. वरच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "लिख दो परिवार ने देर की. सब यही लिखते हैं." त्यांना माझी काळजीच होती, नवी नोकरी, पहिलीच नेमणूक. मी तो फॉर्म घेऊन काकांकडे आले. खरं सांगायचं तर, असंच लिही असं कोणीतरी मोठ्या माणसाने म्हणावं म्हणून आले होते.

काकांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. "आजीने सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. पण काका, तिला काय फरक पडते? तिला वाचता पण नाही येत."

त्यांनी फॉर्म खाली ठेवला. तेव्हा ते मला म्हणाले, टॉर्चला नाही, टमाट्याला नाही, मला. "छी."

मी फॉर्म उचलायला गेले. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"तिला वाचता येत नाही म्हणून तिच्या नावावर लिहून राहिली? याच्यासाठी शिकवलं तुझ्या बापाने?"

"मग काय लिहू? माझी नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल! आमच्या इथे पास केलेल्या मालावर आपल्या नंबरचा शिक्का मारावा लागे. माल फसला की नंबर निघायचा. माझा निघाला एकदा. साऱ्या शॉपसमोर, कामावरच्या सगळ्या लोकांसमोर उभं केलं होतं मला, तुझा बाप होता तिथे, विचार त्याला. मी नव्हतं म्हटलं की पेंटरने रंग वाईट दिला." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "टॉर्च माझी आहे. लिही माझं नाव. आणि पाहणारी तू होती. लिही तुझं."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पोरगी आहे ती."

"पोरगी नाही. ग्रॅज्युएट आहे."

मी लिहिलं. हिंदीत, स्वच्छ अक्षरात. तपासणीला वापरलेली टॉर्च पिवळ्या उजेडाची असल्याने कावीळ मला ओळखता आली नाही, आणि बाळाच्या आजीने तिसऱ्या दिवशीच सांगूनही मी ऐकलं नाही. काकांचं नाव मी लिहिलं नाही. ते रागावले, पण तो फॉर्म माझा होता. मला नोटीस आली, बाहेरची टॉर्च का वापरली म्हणून. मी उत्तर दिलं. नोटीस अजून माझ्या फाइलमध्ये आहे. नोकरीही आहे.

नंतर काकांनी मला दुसरी टॉर्च करून दिली. या खेपेला दाण्याची पसंती त्यांनी स्वतःवर सोडली नाही. जुन्या पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेक पट्टी हळदीच्या पाण्यात कमी-जास्त वेळ बुडवून वाळवली. खोलीची दारं-खिडक्या लावून ते दाणे बदलत जायचे आणि मी त्या पट्ट्या फिक्या ते गडद अशा लावायच्या. मग पट्ट्या अंगणात उन्हात नेऊन चूक किती झाली ते पाहायचं. पाचव्या दाण्याला एकही चूक झाली नाही. तो उजेड दुपारसारखा होता. ना तुपाचा, ना फिनाइलचा.

"आवडला काका?"

"नाही," ते म्हणाले. "पण मला विचारून कोण राहिलं? तुला दिसते ना, बस."

त्यानंतर त्यांनी कोणाच्या टॉर्चमध्ये पिवळा दाणा बसवला नाही. कोणी आलं तर आधी विचारायचे, "कशाला पाहिजे?" पूर्वी हा प्रश्न त्यांना ठाऊक नव्हता. लोकांना तो आगाऊपणा वाटायचा.

ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाहेर ओट्यावर दोन शेजारी बोलत होते, बेचारे का टाइमपास था, चलो, अच्छा ही था. त्या दोघांच्या घरी काकांच्या हातच्या टॉर्च होत्या. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने दाण्यांच्या डबीसकट सगळं सामान कबाडवाल्याला किलोवर दिलं. काकूंनी काही म्हटलं नाही. मीही नाही. मुलगा मोठ्या पगारावर आहे, हुशार आहे, त्याचा वेळ महाग आहे.

एक सकाळ सांगायची राहिली. बाळ घरी आल्यावर काका माझ्याबरोबर बसने त्या गावी आले होते. मी नको म्हटलं होतं. बसमध्ये सगळा रस्ता ते हिंदीत काय बोलायचं ते ओठातल्या ओठात घोळवत होते, आणि अंगणात पोचल्यावर सगळं विसरले.

"अम्मा, वो टॉर्च हमने बनाई थी," एवढंच म्हणाले. "गलती हमारी है."

आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हम तो कहे थे."

"जी. आपने कहा था."

"कोई सुना?"

"नहीं."

"दीदी सुनी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नहीं सुनी, अम्मा."

तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि बाळ घेऊन आली. कोणाच्या हातात दिलं नाही. स्वतःच उन्हात मांडी घालून बसली, दुपट्याचं टोक वर केलं आणि दोन्ही पाय उघडे केले. "देख लो."

काका धोतर सावरत तिच्यासमोर जमिनीवर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वाकले. तिच्या डोक्याची सावली बाळाच्या पायांवर पडत होती. काकांनी वर न बघता हाताने खूण केली, जरा बाजूला. मला वाटलं आता ही म्हातारी उठून जाईल. ती सरकली.